पल्पची 'हिट्स' पुन्हा लावताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'हिट्स' ही पल्पच्या निवडक गाण्यांची सीडी मी २००३ च्या हिवाळ्यात शेफील्डमध्ये घेतली. शिकायला गेलो होतो, खिशात मोजके पौंड होते आणि दुकानाच्या दाराशीच सवलतीच्या मालाची टोपली होती. त्यानंतर चार घरं बदलली, तीन सीडी प्लेअर भंगारात गेले, सीडी मात्र टिकली. यंदा ती पुन्हा वाजायला लागली तसे प्रश्न सुरू झाले. काही मित्रांचे, काही भाच्याचे, काही बायकोचे. ("हा माणूस गातोय की गाऱ्हाणं सांगतोय?" दोन्ही.) तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

पल्प म्हणजे नक्की कोण? नाव कानावरून गेलंय, पण गाणं आठवत नाही.

शेफील्डचा बँड. आजोबांच्या वस्तऱ्यावर किंवा जुन्या घरातल्या सुरीवर 'शेफील्ड' असं कोरलेलं तुम्ही पाहिलं असेल, तेच हे उत्तर इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. १९७८ साली तिथल्या एका शाळेत जार्व्हिस कॉकर नावाच्या पंधरा वर्षांच्या, काडीसारख्या, जाड चष्म्याच्या मुलाने मित्राबरोबर बँड काढला. नाव मिळालं अर्थशास्त्राच्या तासाला, वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या कॉफीच्या भावांवरून: 'अरॅबिकस पल्प'. पुढे अरॅबिकस गळलं ते बरंच झालं.

१९८१ मध्ये नव्या बँडांना संधी देणाऱ्या बीबीसीच्या निवेदकाने, जॉन पीलने, त्यांना रेडिओवर वाजवायला बोलावलं. पोरं शाळेतच होती. वाटलं, झालं आपलं काम. त्यानंतर जवळजवळ बारा-तेरा वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. अल्बम आले आणि गेले, माणसं आली आणि गेली. १९८५ मध्ये एका मुलीवर छाप पाडायची म्हणून जार्व्हिस खिडकीबाहेर स्पायडरमॅनसारखा लटकला, पडला, हाडं मोडली आणि काही काळ व्हीलचेअरवर बसून कार्यक्रम करत राहिला. लोकांना वाटलं, हीसुद्धा एक अदा असेल.

ही रखडपट्टी आधी सांगायचं कारण आहे. प्रसिद्धी आली तेव्हा हा माणूस तिशी ओलांडून गेला होता. विशीत यश मिळालेल्या गायकाची गाणी आणि ज्याने विशी दाराबाहेर ताटकळत काढली त्याची गाणी, यांचा सूरच वेगळा असतो.

'इंडी' म्हणजे इंडियन का?

नाही, इंडिपेंडंट. बड्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या स्वतंत्र कंपन्यांकडून निघणारं संगीत. काटेकोर बोलायचं तर १९९३ मध्ये पल्प 'आयलंड'कडे गेले आणि आयलंड तेव्हा पॉलिग्राम या महाकाय कंपनीच्या मालकीची होती. म्हणजे जग ज्या पल्पला ओळखतं तो त्या अर्थाने इंडी नव्हताच. पण तोवर हा शब्द कंपनीवरून उठून कपड्यांवर, केसांच्या वळणावर आणि एका विशिष्ट कुचकट नजरेवर जाऊन बसला होता. त्या अर्थाने पल्पपेक्षा जास्त इंडी कोणी नाही.

'हिट्स' कधी आली? खूप खपली असेल ना?

नोव्हेंबर २००२ मध्ये आली. ब्रिटनच्या खपाच्या यादीत एकाहत्तराव्या क्रमांकापर्यंत पोचली. एकाहत्तर! ज्या बँडचे दोन अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले होते, त्याच्या निवडक गाण्यांना गिऱ्हाईक नाही. वर्षभरात ती सवलतीच्या टोपलीत का होती, हे यावरून कळेल. ती बाहेर पडल्यावर महिन्याभरात, डिसेंबर २००२ मध्ये, शेफील्डजवळ रॉदरममध्ये पोलादाच्या जुन्या कारखान्यात बँडने एक कार्यक्रम केला आणि मंडळी आपापल्या वाटांनी गेली. निरोपाचं भाषण नाही, भांडण नाही. पानसुपारी झाली आणि लोक उठले, इतकं साधं.

सीडीवर काय काय आहे? काय राहिलंय?

सतरा गाणी, बहुतेक काळाच्या क्रमाने. 'बेबीज' (१९९२) पासून सुरुवात, शेवटी खास या संग्रहासाठी केलेलं 'लास्ट डे ऑफ द मायनर्स स्ट्राइक'. मधे 'रॅझमटॅझ', 'लिपग्लॉस', 'डू यू रिमेंबर द फर्स्ट टाइम?', 'कॉमन पीपल', 'डिस्को २०००', 'समथिंग चेंज्ड', 'हेल्प द एजेड', 'धिस इज हार्डकोर' वगैरे.

१९९२ च्या आधीचं काहीच नाही, त्यामुळे 'माय लेजेंडरी गर्लफ्रेंड' गेलं. 'मिस-शेप्स' हे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं गाणंही नाही. गंमत म्हणजे ज्या सिंगलवर (एक-दोन गाण्यांची सुटी रेकॉर्ड) ते 'सॉर्टेड'च्या जोडीला होतं, त्यातलं 'सॉर्टेड' घेतलंय आणि जोडीदाराला घरी ठेवलंय. उलट 'अंडरवेअर' हे कधीच स्वतंत्र सिंगल म्हणून न आलेलं गाणं आत आहे. संग्रहाचं नाव 'हिट्स' असलं तरी निवडताना कुणीतरी हिशेबाच्या वहीपेक्षा स्वतःचे कान जास्त वापरलेले दिसतात. मला ते आवडतं. मिस-शेप्सचे चाहते अजून दात-ओठ खातात.

एकच गाणं ऐकायला वेळ आहे. कुठलं?

'कॉमन पीपल'. दुसरं उत्तर देणारा माणूस शिष्टपणा करतोय असं समजावं.

पण 'कॉमन पीपल'मध्ये एवढं आहे तरी काय?

गोष्ट आधी सांगतो. १९८८ मध्ये जार्व्हिस शेफील्ड सोडून लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात चित्रपट शिकायला गेला. तिथे त्याला एक ग्रीक मुलगी भेटली, खात्यापित्या घरची. तिचं म्हणणं, मला सामान्य माणसांसारखं जगून बघायचंय. ती मुलगी नेमकी कोण, यावर ब्रिटिश वर्तमानपत्रांनी पुढे पानंच्या पानं खर्च केली. गाण्याला त्याची काही गरज नव्हती.

गाण्याचा नायक तिला आधी सुपरमार्केटमध्ये नेतो. समज, तुझ्याकडे पैसे नाहीत. ती हसते. इथपर्यंत सगळं गमतीत चाललेलं असतं. मग हळूहळू त्याचा आवाज बदलतो. तू भाड्याची खोली घेशील, केस कापशील, सिगरेट ओढशील, पण भिंतीवर झुरळं चढताना बघत पडशील तेव्हा वडिलांना एक फोन केलास की सगळं थांबेल. आम्हाला तो फोन नाही. गरिबीची सहल काढता येते, गरिबी काढता येत नाही, हा त्याचा मुद्दा. आपल्याकडे चाळीबद्दल हळवं होऊन बोलणारी, पण चाळीत एक रात्रही न काढलेली माणसं तुम्हाला भेटली असतील. त्यांना हे ऐकवा.

संगीत म्हणाल तर मोजून तीन कॉर्ड. जार्व्हिसने ते जुन्या बाजारातून आणलेल्या छोट्या कॅसिओ कीबोर्डवर बसवलं. खरी करामत लयीत आहे. गाणं जसजसं पुढे जातं तसतशी लय चढत जाते, आपल्या नकळत. विलंबितातून द्रुतात जायला आपल्या गायकाला तास लागतो, इथे सहा मिनिटांत तो प्रवास होतो, आणि शेवटी ड्रम, व्हायोलिन, गिटार सगळे धापा टाकत असतात. निर्माता ख्रिस थॉमस. त्याने पूर्वी सेक्स पिस्टल्स या दंगेखोर पंक बँडबरोबर काम केलं होतं, त्यामुळे आवाज कसा रचायचा आणि कसा उधळायचा हे दोन्ही त्याला ठाऊक.

एक सूचना. रेडिओसाठी केलेल्या आखूड आवृत्तीत एक कडवं गाळलं आहे, कोपऱ्यात पडलेल्या कुत्र्याच्या उपमेचं. सगळा राग त्या कडव्यात आहे. 'डिफरंट क्लास' अल्बमवरचं पूर्ण गाणं ऐका.

हे गाणं १९९५ च्या मे महिन्यात आलं आणि दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. पहिल्यावर कोण होतं? रॉबसन आणि जेरोम, टीव्ही मालिकेतले दोन नट, एक जुनं प्रेमगीत गाऊन. सामान्य माणसांनी दिलेला हा कौल आहे, त्याचं काय करायचं!

ग्लॅस्टनबरीचा किस्सा काय आहे?

२४ जून १९९५. त्या वर्षी शनिवारी रात्री ग्लॅस्टनबरी या इंग्लंडमधल्या मोठ्या संगीत महोत्सवात मुख्य मंचावर स्टोन रोझेस हा गाजलेला बँड वाजवणार होता. त्यांच्या गिटारवादकाचं सायकलवरून पडून गळ्याचं हाड मोडलं. आयत्या वेळी पल्पला विचारणा झाली. ज्या बँडचा मोठा अल्बम अजून बाजारात यायचा होता, त्याने लाखभर लोकांपुढे उभं राहायचं. शेवटी 'कॉमन पीपल' सुरू झालं आणि ते सगळं मैदान गायला लागलं. चित्रफीत पाहा. जार्व्हिसच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा अचंबा जास्त आहे. सतरा वर्षं थांबलेल्या माणसाचा तो चेहरा आहे.

ब्लर आणि ओएसिसच्या भांडणात हे कुठे होते?

कुठेच नाही, आणि तेच त्यांचं नशीब. ऑगस्ट १९९५ मध्ये त्या दोघांनी, म्हणजे तेव्हाच्या दोन सर्वांत गाजलेल्या ब्रिटिश बँडांनी, एकाच दिवशी सिंगल काढून कुस्ती लावली, ब्लर जिंकले, वर्तमानपत्रांची चांदी झाली. ओएसिसला पुढे जायचं होतं, ब्लरला हुशार दिसायचं होतं. पल्प खिडकीत उभं राहून शेजारच्यांकडे बघत होते. मला तिसरी जागा आवडते.

'डिस्को २०००' लागलं की सगळे नाचतात. आनंदी गाणं आहे ना?

चाल आनंदी आहे. गोष्ट अशी की, एकाच रुग्णालयात जवळजवळ एकाच वेळी जन्मलेली दोन मुलं, आया एकमेकींना म्हणतात यांचं लग्न लावून देऊ. मुलगी मोठी होते, सगळ्या वर्गाला आवडते. मुलगा तिच्या घरी जातो ते भिंतीवरचा खरखरीत कागद लक्षात ठेवण्यापुरता. मग तो म्हणतो, २००० साली भेटू, रस्त्याच्या टोकाला कारंज्यापाशी. पण तोवर तुझं लग्न झालेलं असेल. तरी ये. मुलाला घेऊन आलीस तरी चालेल.

गाण्यातली डेबोरा खरी होती. डेबोरा बोन, जार्व्हिसची बालपणीची मैत्रीण. पुढे ती मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात परिचारिका झाली आणि तिच्या कामासाठी तिला ब्रिटिश सरकारचा एमबीई हा सन्मान जाहीर झाला. २०१४ सरता सरता, तो जाहीर होण्याच्याच सुमारास, ती कर्करोगाने गेली.

आणि ते कारंजं? शेफील्डचे लोक म्हणतात ते फारगेट रस्त्याच्या तोंडाशी असलेलं गुडविन कारंजं. मी २००३ मध्ये भक्तिभावाने शोधायला गेलो तर तिथे काही नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते काढून टाकलं होतं. नाव आता जवळच्या पीस गार्डन्समधल्या जमिनीतून उडणाऱ्या फवाऱ्यांना दिलंय. म्हणजे २००० साल उजाडलं तेव्हा भेटायची जागाच शिल्लक नव्हती. मी आपला थंडीत उभा राहिलो, एक फोटो काढला आणि बस पकडली. १९९५ मध्ये २००० हे साल भविष्यातलं होतं. आता ते गाण्यातल्या शाळेइतकंच मागे पडलंय. आठवण येण्यासाठी लिहिलेलं गाणं स्वतःच आठवण होऊन बसलं, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मायकल जॅक्सनच्या कार्यक्रमात मंचावर घुसला तो हाच का?

हाच. १९ फेब्रुवारी १९९६, लंडन, ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांचा सोहळा. जॅक्सन 'अर्थ साँग' गात होता, भोवती लहान मुलं, प्रकाशझोत, हात पसरलेले. एकूण थाट तारणहाराचा. जार्व्हिसला ते सहन झालं नाही. तो एका मित्राबरोबर मंचावर चढला, प्रेक्षकांकडे पाठ केली, कमरेत वाकला आणि पार्श्वभागापाशी हाताने असे हातवारे केले की त्यांचं भाषांतर नको. कपडे अंगावर होते, ही नोंद आवश्यक आहे, कारण सांगणारे भलतंच सांगतात.

पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. मंचावरच्या मुलांना इजा केल्याचा आरोप झाला. विनोदी नट बॉब मॉर्टिमर पूर्वाश्रमीचा वकील, तो चक्क त्याचा सल्लागार म्हणून ठाण्यात जाऊन बसला. नंतर चित्रीकरण तपासलं गेलं, आरोपात तथ्य नव्हतं, सोडून दिलं. पण एका रात्रीत तो संगीतातल्या नावापासून घराघरातल्या नावापर्यंत गेला, आणि त्याच्या नंतरच्या मुलाखती वाचल्या तर ते त्याला अजिबात मानवलं नाही हे दिसतं. आयुष्यभर ज्या पार्टीचं निमंत्रण हवं होतं ते मिळालं, आणि आत गेल्यावर कळलं की लोक आपल्याला ज्यासाठी ओळखतात ते काही सेकंदांचे माकडचाळे आहेत.

आपल्याला या गोष्टीचं दुसरं टोक माहीत आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जॅक्सन मुंबईत आला. शिव उद्योग सेनेने अंधेरीच्या क्रीडा संकुलात कार्यक्रम ठेवला, तो 'मातोश्री'वर जाऊन आला, आणि महाराष्ट्रात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तेव्हा मी शाळेत होतो आणि जॅक्सनवर हसणं शक्य असतं ही कल्पनाच माझ्याकडे नव्हती. आठ महिन्यांपूर्वी शेफील्डच्या एका माणसाने ते करून दाखवलंय हे मला सात वर्षांनी कळलं.

'सॉर्टेड' हे नशेची जाहिरात करणारं गाणं आहे का?

'डेली मिरर' या वर्तमानपत्राला १९९५ मध्ये तसंच वाटलं. सिंगलच्या वेष्टनात कागदाची पुडी घालायची आकृती होती, तर पहिल्या पानावर बंदीची मागणी. गाणं कुणी ऐकलं असतं तर कळलं असतं: शेतात हजारो लोक, सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे, आणि पहाटे घरी जायला गाडीत जागा द्यायची वेळ आली की कोणी ओळख दाखवत नाही. आईला काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. व्यसनमुक्ती केंद्रात लावावं असं गाणं आहे.

दहाव्या गाण्यापासून सीडी उदास होते. तिथे बंद केली तर चालेल?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलाय, आणि वीस वर्षांपूर्वी माझं उत्तर 'खुशाल करा' असं होतं. पहिली नऊ गाणी म्हणजे सीडी आणि पुढची आठ म्हणजे भरताड, असं मी मानत होतो. होस्टेलवर 'समथिंग चेंज्ड' संपलं की हात आपोआप बटणाकडे जायचा.

आता उलटं झालंय. दहावं गाणं 'हेल्प द एजेड', नोव्हेंबर १९९७ चं. प्रसिद्धीच्या शिखरावर, लोक दुसऱ्या 'कॉमन पीपल'ची वाट बघत असताना, चौतिशीतला हा माणूस म्हाताऱ्यांना मदत करा असं सांगत येतो. तेही एकेकाळी तुमच्यासारखेच होते, प्यायचे, सिगरेटी ओढायचे. मग हळूच: आणि एक दिवस तुम्हीही. चेष्टा आहे की कळकळ, हे पहिल्या कडव्यात ठरवता येत नाही, आणि कोरस येतो तेव्हा ठरवायची गरज उरत नाही. नाव एका धर्मादाय संस्थेचं आहे, पत्रपेट्यांतून मदतीची पाकिटं टाकणाऱ्या. २००९ मध्ये ती संस्थाही दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. गाणं म्हातारं झालं, संस्था गेली, आणि वडिलांच्या औषधांच्या गोळ्या वाराप्रमाणे डबीत भरता भरता मी ते ऐकतोय.

'धिस इज हार्डकोर' सहा मिनिटांहून लांब, जुन्या जर्मन वाद्यवृंदाच्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुतारीच्या तुकड्यावर उभं. वरवर निळ्या चित्रपटांबद्दल. आतून, हवं ते सगळं मिळाल्यावर माणसाला येणाऱ्या शिसारीबद्दल. 'अ लिटल सोल' त्याहून लहान आणि त्याहून जड. जार्व्हिसचे वडील तो सात वर्षांचा असताना घर सोडून ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथे रेडिओवर निवेदक झाले. गाण्यात बाप मुलाला सांगतो: तू माझ्यासारखा दिसतोस, पण कृपा करून माझ्यासारखा होऊ नकोस. मुलाने बापाच्या तोंडून हे वदवून घ्यावं, यात माफी आहे की सूड, हे मला अजून उलगडलेलं नाही.

'पार्टी हार्ड' मात्र खरंच वगळलं तरी चालेल.

तेव्हा उत्तर असं: चाळिशीच्या अलीकडे असाल तर नवव्या गाण्यावर थांबा, कोणी काही म्हणणार नाही. पलीकडे असाल तर दहाव्यापासून सुरू करून बघा.

'बॅड कव्हर व्हर्जन'मध्ये काय विनोद आहे? सगळे का हसतात?

गाण्याचा विषय: तुझा नवा प्रियकर म्हणजे माझीच निकृष्ट नक्कल. मग जगातल्या निकृष्ट नकलांची यादी येते. त्या यादीत स्कॉट वॉकर या गायकाच्या १९७० च्या एका अल्बमची दुसरी बाजू आहे. शब्द लिहून झाल्यावर 'वी लव्ह लाइफ' (२००१) या अल्बमसाठी निर्माता मिळाला, आणि तो निघाला साक्षात स्कॉट वॉकर. जार्व्हिसचा हा लहानपणापासूनचा देव. देवासमोर उभं राहून देवाच्या फसलेल्या मूर्तीबद्दल गायचं. गाणं तसंच ठेवलं गेलं.

व्हिडिओ त्याहून वरताण. मदतनिधीसाठी सगळे तारे एकत्र गातात तशा थाटाचा, पण गाणारे सगळे ताऱ्यांचे तोतये. मधे गिटार वाजवायला कुरळ्या केसांचा विग घालून स्वतः जार्व्हिस येतो, क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याचा तोतया म्हणून. फडावरच्या सोंगाड्याने राजाचं सोंग घ्यावं तसा.

शेवटचं गाणं खाण कामगारांच्या संपावर का?

कारण ते शेफील्ड आहे. १९८४ च्या मार्चपासून १९८५ च्या मार्चपर्यंत चाललेला हा संप. कामगार संघटनेचं मुख्यालय शहरातच होतं. ऑरग्रीव्ह, जिथे १८ जून १९८४ ला घोडेस्वार पोलीस संपकऱ्यांवर चालून गेले, ते शहराला लागूनच. पंतप्रधान थॅचरबाईंनी संप मोडला. पोलादाची पीछेहाट आधीच सुरू झाली होती. मी राहायचो तेव्हा रविवारी सगळे ज्या मेडोहॉल नावाच्या भल्यामोठ्या मॉलमध्ये जायचे, तो पोलादाच्या कारखान्याच्या जागेवर उभा आहे.

लोअर परळच्या फिनिक्समध्ये गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप तर रीतसर मागेही घेतला गेला नाही.

गाणं संपाची हकीकत सांगत नाही. संप हरला, आणि दोनेक वर्षांत मोर्चात वर जाणारे तेच हात डान्स फ्लोअरवर वर जायला लागले, असं काहीसं ते म्हणतं. उपहास आहे, पण त्यात ती रात्रही आवडल्याची कबुली आहे. 'बेबीज'मधल्या कपाटात लपलेल्या पोरापासून सुरू झालेली सीडी इथे येऊन शहराची होते.

मुलांसमोर लावता येईल का?

'समथिंग चेंज्ड', 'द ट्रीज', 'सनराइज' बिनधास्त. 'बेबीज'मधला मुलगा कपाटात काय करतोय हे दहा वर्षांच्या मुलाने विचारलं तर उत्तर तयार ठेवा. 'अंडरवेअर' आणि 'हार्डकोर' हेडफोनवर.

हे सगळं शेवटी स्मरणरंजनच ना?

आहे की. पण गंमत अशी की ही गाणीच स्मरणरंजनावर डोळे वटारून बघतात. 'डू यू रिमेंबर'चा नायक पहिल्या वेळेची आठवण काढतो ती ती किती वाईट होती हे सांगायला. 'डिस्को २०००'मधला मुलगा आठवणीतल्या मुलीला भेटायला बोलावतो, आणि ती येईल याची त्यालाही खात्री नाही. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक ब्रिटिश बँडांची गाणी आज लावली की तेव्हाचा मी आठवतो. ही लावली की तेव्हाचा मी काय काय ऐकत नव्हतो, ते आठवतं.

बँड अजून आहे का?

आहे. २०११ ते २०१३ एकदा जमले, २०२३ मध्ये पुन्हा. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बासवादक स्टीव्ह मॅकी गेला, छप्पन्नाव्या वर्षी. जून २०२५ मध्ये 'मोअर' नावाचा नवा अल्बम आला, चोवीस वर्षांनी. तो मॅकीला अर्पण केलाय. थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातल्या पहिल्या सिंगलचं नाव 'स्पाइक आयलंड', म्हणजे जिथे १९९० मध्ये स्टोन रोझेसचा गाजलेला कार्यक्रम झाला ती जागा. ज्यांच्या जागी उभं राहून नशीब उघडलं, त्यांच्याच नावाची आठवण तीस वर्षांनी.

आणि २८ जून २०२५ ला ग्लॅस्टनबरीच्या त्याच मंचावर, कार्यक्रमपत्रिकेत 'पॅचवर्क' असं खोटं नाव छापून, ते पुन्हा उभे राहिले. जार्व्हिस एकसष्ट वर्षांचा. उड्या थोड्या कमी उंच, बोट अजून तसंच हवेत.

यानंतर काय ऐकू?

'डिफरंट क्लास' आणि 'धिस इज हार्डकोर' हे अल्बम अख्खे, याच क्रमाने, मधे एक दिवस जाऊ देऊन. त्याच काळातला आणखी एक ब्रिटिश इंडी बँड हवा असेल तर कॉर्नरशॉप. त्यांचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणं १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, पल्पला सिंगलच्या बाबतीत कधीच न जमलेलं काम. आणि त्या नावातली आशा कोण, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शेफील्डच्या वसतिगृहात ते लागलं की मी घरमालकाच्या थाटात बसायचो.

तुमची सीडी उसनी मिळेल का?

नाही.